टाकी धुतली की फायटर आडवा पडतो: नाशिकच्या एका म्हाताऱ्या माशाचं प्रकरण

फायटर मासा तळाशी पडून राहिला, खाणं सोडलं, रंग उतरला, की आपल्याकडे पुढचं ठरलेलं असतं. आधी दुकानातून औषधाची बाटली येते. तिनं भागलं नाही, की टाकी रिकामी करून घासूनपुसून धुतली जाते. तरुण मासा या दोन्हींतून निभावून जातो, म्हातारा निभावत नाही. खालचं प्रकरण अशाच एका म्हाताऱ्या फायटरचं आहे. ते सविस्तर लिहावंसं वाटलं, कारण त्यात आजार म्हणावा असं फारसं काही हाती लागलं नाही. हाती लागलं ते पाणी, थंडी आणि वय. आणि या तिन्हींवर बाटलीतलं औषध चालत नाही.

मासा आणि त्याची जागा

नाशिकमधलं झेरॉक्स-स्टेशनरीचं दुकान. काउंटरच्या टोकाला काचेची टाकी: दीड फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच. भरली की ४० लिटरच्या आतबाहेर पाणी. आत खडे, हवेच्या पंपावर चालणारा स्पंज फिल्टर, एक प्लास्टिकचं झाड आणि एकटा बंडू. निळ्या अंगाचा, लाल परांचा हाफमून नर. दुकान दादा चालवतात, दुपारी ते जेवायला गेले की वहिनी बसतात. मी बरीच वर्षं मासे पाळते हे दोघांना माहीत, त्यामुळे प्रिंट काढायला गेलं की टाकीचा विषय निघतोच.

बंडू तीन वर्षांपूर्वीच्या दिवाळीत आणलेला. म्हणजे वय तीन, असं दादा धरून चालले होते. पण दुकानात विकायला ठेवलेला नर बहुतेक वेळा सहा महिने ते वर्षभराचा असतो, कारण शेपटी पूर्ण फुलल्याशिवाय त्याला भाव येत नाही. तेव्हा बंडूचं खरं वय साडेतीन ते चार. फायटर चांगला ठेवला तर साधारण तीन ते पाच वर्षं जगतो. चौथं वर्ष ओलांडणारे थोडे. याचा अर्थ आमच्यासमोर आजारी पडलेला तरुण नव्हता, थकलेला म्हातारा होता. पुढचा प्रत्येक निर्णय या एका गोष्टीवरून ठरला.

हा मासा मूळचा थायलंडच्या सखल भागातला. भातखाचरं, दलदल, झाडोऱ्यानं भरलेलं उथळ आणि कोमट पाणी, हे त्याचं घर. बेट्टा स्प्लेंडेन्स हे शास्त्रीय नाव त्याला रेगन या ब्रिटिश मत्स्यशास्त्रज्ञानं १९१० मध्ये दिलं, आणि थायलंडनं २०१९ मध्ये त्याला राष्ट्रीय जलचराचा मान दिला. रानातल्या फायटरचे पर आखूड असतात. अर्धवर्तुळासारखी १८० अंशांत उघडणारी हाफमूनची शेपटी माणसानं निवडून निवडून वाढवलेली आहे. ती तरुणपणी मिरवायला छान असते, पण म्हातारपणी अंगातली ताकद कमी होते आणि शेपटीचं ओझं तेवढंच राहतं.

त्यातून फायटरला सारखं वर यावं लागतं. कल्ल्यांच्या वरच्या बाजूला त्याला लॅबिरिंथ नावाचा अवयव असतो, त्यानं तो पृष्ठभागावरची हवा घेतो. पाण्यात प्राणवायू भरपूर असला तरी मोठ्या झालेल्या फायटरला वरची हवा लागतेच. बंडूच्या टाकीत पाणी २८ सेंटिमीटर खोल होतं. म्हणजे दर श्वासाला तळापासून वरपर्यंत चढण, आणि तीसुद्धा फिल्टरच्या बुडबुड्यांनी ढवळलेल्या पाण्यातून.

आधी काय काय झालं होतं

जानेवारीतली गोष्ट. दादा म्हणाले, "ताई, दिवाळीपासून असाच पडलाय. आता सोमवारी दुकान बंद असतं, तेव्हा टाकी सगळी उपसून धुतोच. आतून घाणच झाली असणार."

मी आधीच्या धुलाईबद्दल विचारलं. टाकी वर्षातून दोनदा धुतली जायची, गणपतीच्या आधी आणि दिवाळीत दुकानाची साफसफाई निघाली की. खडे नळाखाली चोळून, स्पंज पिळून पिळून पांढरा करून, सगळं पाणी नवं. एरवी पाणी खाली गेलं की वरून तांब्याभर ओतायचं, बस. पहिल्या वर्षी धुतल्यावर बंडूला काहीच झालं नाही. दुसऱ्या वर्षी एक-दोन दिवस गप्प होता. यंदाच्या गणपतीत आठवडाभर खाल्लं नाही. दिवाळीत जो बसला तो बसलाच.

हे दादांच्या तोंडून क्रमानं बाहेर आलं तेव्हा त्यांच्याही लक्षात आलं, की धुलाई तीच होती आणि दर खेपेला ती माशाला जास्त महाग पडत गेली. म्हाताऱ्या माशाबाबत असा मागचा हिशेब विचारणं मला कोणत्याही तपासणीपेक्षा मोलाचं वाटतं. मासा सांगू शकत नाही, पण रोज पाहणाऱ्या माणसाला बरंच आठवत असतं.

दिवाळीनंतर निळ्या औषधाचे थेंब बऱ्याचदा पडले होते. मग कुणीतरी सांगितलं म्हणून मूठभर खडेमीठ. आणखी कुणीतरी माणसांच्या प्रतिजैविकाची कॅप्सूल फोडून टाकायला सांगितली होती, ती वहिनींनी टाकू दिली नाही. फार बरं केलं. कारण कळल्याशिवाय घातलेलं प्रतिजैविक टाकीतले उपयोगी जिवाणूही मारू शकतं, आणि माशाच्या अंगात नसलेला रोग काही बरा करत नाही.

खाण्याचीही एक गंमत कळली. दादा सकाळी दाणे घालायचे. दुपारी वहिनींना वाटायचं सकाळी राहिलं असेल, म्हणून त्या घालायच्या. शाळा सुटल्यावर वह्या घ्यायला येणारी पोरं डबी काउंटरवरच दिसते म्हणून चिमूट टाकायची. बंडू खात नव्हताच. सगळं खड्यांच्या फटीत जाऊन कुजत होतं.

माशाकडे नीट पाहिलं तेव्हा

दुकानातला दिवा बंद करून टॉर्च तिरका धरला. वेल्वेट नावाचा परजीवी असला तर अंगावर सोनेरी धूळ चमकते, ती नव्हती. वरून पाहिलं. जलोदर झाला की खवले उभे राहतात आणि मासा पाइनच्या फळासारखा दिसतो. इथे खवले अंगाला चिकटलेले होते. परांची टोकं विरळ आणि आत वळलेली, पण काठ काळा-लाल होऊन झडत नव्हता, म्हणजे पर सडण्याचा रोगही दिसत नव्हता. विष्ठा नेहमीची. पोट फुगलेलं नव्हतं, उलट खपाटीला गेलेलं. पाठीला थोडा बाक. निळा रंग राखेसारखा. श्वास जोरात.

आणि डावा डोळा दुधाळ.

हे कुणाच्या नजरेत आलं नव्हतं, कारण टाकीची तीच बाजू भिंतीकडे होती आणि बंडू बहुतेक उजवी बाजू गिऱ्हाइकांकडे करून पडलेला असायचा. मी काचेबाहेरून उजव्या बाजूला बोट नेलं तर तो मान वळवायचा. डाव्या बाजूला तेच बोट त्याच अंतरावर नेलं तर काही नाही. मग एक दाणा टाकला. दाणा डाव्या बाजूला पडला, पाण्यावर थोडा वेळ तरंगला, बुडाला. बंडू जागचा हलला नाही. दुसरा उजवीकडे, नाकासमोर. बंडू उठला, झेप घेतली, दाण्याच्या शेजारचं पाणी चावलं, पुन्हा झेप, पुन्हा हुकला. तिसऱ्या खेपेपर्यंत दाणा खाली गेला होता आणि तो दमून परत खड्यांवर. "खात नाही" असं जे सगळे म्हणत होते, ते असं होतं. भूक होती, डोळा आणि दम नव्हता.

एक शंका मात्र शेवटपर्यंत बाजूला ठेवता आली नाही. वाकलेली पाठ, खपाटीला गेलेलं पोट आणि उतरलेला रंग म्हातारपणी दिसतात, तसेच माशांच्या क्षयातही दिसतात. त्याचे जिवाणू वेगवेगळ्या जातींचे असतात. त्यांतला मायकोबॅक्टेरियम मरिनम माणसाच्या हातावरच्या जखमेतून शिरून त्वचेवर चिघळणाऱ्या गाठी आणू शकतो. जिवंत माशात नुसतं पाहून याचा निकाल लागत नाही. म्हणून दादा-वहिनींना सांगितलं, की हाताला काप किंवा खरचटलेलं असेल तर टाकीत हात घालायचा नाही, एरवीही हातमोजे घालायचे, आणि या टाकीची जाळी, नळी, मग दुसऱ्या कुणाच्या टाकीला द्यायचा नाही. पाणी तोंडानं ओढून नळी सुरू करायची सवय तर ताबडतोब बंद.

पाण्यानं काय सांगितलं

थेंबांच्या चाचणी-किटनं पाणी तपासलं. टाकीचा पीएच ६.४, नळाच्या पाण्याचा ७.९. अमोनिया लिटरला १ मिलिग्रॅमच्या आसपास, खरं तर शून्य असायला हवा. नायट्रेटचा रंग पट्टीच्या गडद टोकाला. आरओवाल्यांकडे असतो तो टीडीएस मीटर, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजणारा, टाकीत बुडवला तर ८६०, नळाखाली २१०.

या आकड्यांचा अर्थ समजला की टाकी धुतल्यावर बंडू का पडतो ते कळतं. माशाच्या कल्ल्यांतून आणि कुजणाऱ्या अन्नातून अमोनिया सुटतो. स्पंजमधले आणि खड्यांवरचे जिवाणू त्याचं आधी नायट्राइट, मग नायट्रेट करतात. हे काम होताना पाण्यातला क्षारपणा, म्हणजे आम्ल पचवायची ताकद, खर्च होतो. पाणी बदललंच नाही, तर काही महिन्यांत तो संपतो आणि पीएच घसरतो. साडेसहाच्या खाली तेच जिवाणू मंदावतात, त्यामुळे अमोनिया साचू लागतो. पण आम्लधर्मी पाण्यात अमोनिया जवळजवळ सगळा अमोनियमच्या रूपात असतो, आणि अमोनियम माशाला बराच कमी बाधतो. त्यामुळे मासा कसाबसा तग धरून असतो. पीएच एकानं चढला की विषारी अमोनियाचं प्रमाण जवळपास दहापट होतं. ६.४ वरून ७.९ वर गेलं, तर तेवढ्याच अमोनियातला विषारी हिस्सा सुमारे तीसपट.

आता सोमवारची धुलाई डोळ्यासमोर आणा. अर्धं पाणी काढून नळाचं भरलं, तर उरलेल्या पाण्यातला निरुपद्रवी अमोनियम विषारी होतो. सगळं पाणी काढलं, तर तो अमोनिया जातो, पण ८६० टीडीएसला मुरलेला मासा एका क्षणात २१० मध्ये पडतो. शरीरातल्या क्षारांचा तोल सांभाळायचं काम कल्ल्यांचं आणि मूत्रपिंडांचं, आणि म्हातारपणी हीच इंद्रियं आधी थकतात. वर जानेवारीतलं गार नळाचं पाणी. वर चोळून धुतलेला स्पंज, म्हणजे जिवाणू गेलेले. दाणे मात्र नेहमीसारखे तीन हातांनी पडणार, आणि नवा अमोनिया आता ७.९ च्या पाण्यात साचणार. पहिल्या वर्षी बंडूनं हे सगळं पचवलं, कारण तो तरुण होता.

म्हाताऱ्या माशाच्या टाकीत वाईट पाण्याइतकंच अचानक चांगलं केलेलं पाणीही घातक असतं. लोकांच्या हे गळी उतरवणं अवघड जातं. पाणी घाण आहे तर बदला, हे सरळ वाटतं. दादांनाही ते पटेना. मग मी त्यांना पीएचच्या दोन्ही परीक्षानळ्या शेजारी धरून दाखवल्या, टाकीची पिवळसर आणि नळाची निळी. म्हटलं, दिवाळीत बंडूला या बाटलीतून उचलून या बाटलीत टाकलं होतं. त्यांनी दोन्ही नळ्या उजेडात धरून पाहिल्या आणि धुलाई रद्द झाली.

मेन स्विच

किमान-कमाल तापमान लक्षात ठेवणारा साधा डिजिटल थर्मामीटर टाकीत सोडून ठेवला. सकाळी त्यानं रात्रीचं किमान १७ अंश दाखवलं. दुपारचं कमाल २७, कारण झेरॉक्स मशीन टाकीला खेटून होतं आणि दिवसभर गरम हवा फेकत होतं. चोवीस तासांत दहा अंशांचा झोका. फायटरला २५ ते २७ च्या दरम्यान स्थिर पाणी हवं. थंड पाण्यात त्याचं पचन मंदावतं, प्रतिकारशक्ती खाली येते, आणि म्हातारा मासा तर हलतच नाही.

"पण हीटर आहे ना," दादा म्हणाले. हीटर होता. मात्र रात्री शटर ओढताना दादा मेन स्विच बंद करायचे. दुकानभर कागदाचे गठ्ठे, शॉर्टसर्किटची भीती, त्यात चुकीचं काही नाही. पण त्यामुळे थंडी वाढते त्याच वेळी हीटर बंद, आणि हवेचा पंपही बंद. रात्रभर हवा न मिळालेल्या स्पंजमधले जिवाणू गुदमरतात. फिल्टर असूनही अमोनिया शून्यावर का येत नव्हता, त्याचं अर्धं उत्तर या स्विचमध्ये होतं.

दोनच मार्ग होते. टाकीला वेगळी लाईन काढायची, नाहीतर बंडूला घरी न्यायचं. दादांचं मन काउंटरवरच होतं. येणारं प्रत्येक पोर आधी बंडूला हाक मारतं, मग वही मागतं. पण वायरमन लगेच मिळणार नव्हता आणि थंडी थांबणार नव्हती. वहिनी म्हणाल्या, "आपल्याकडे आजीची खोली रिकामीच आहे, तिथे ऊनही येत नाही आणि वाराही नाही. आणा घरी." सोमवारी धुलाईच्या जागी हे स्थलांतर झालं.

टाकीतलं पाणी नळीनं कॅनमध्ये भरून घेतलं. बंडू त्याच पाण्याच्या झाकणाच्या बादलीत. स्पंज न पिळता, ओलाच, जुन्या पाण्यात बुडवून. खडे हलले की तळाची घाण उठते, म्हणून टाकी रिकामी झाल्यावर ते वेगळे काढले, जुन्याच पाण्यात एकदा विसळले आणि पातळ थर तेवढा परत घातला. घरी टाकी मांडून कॅनमधलं तेच पाणी ओतलं, पण १८ सेंटिमीटरपर्यंतच. साधारण २४ लिटर.

पातळी कमी करायच्या सल्ल्यात एक खोच आहे. श्वासाची चढण कमी होते हे खरं, पण पाणीही कमी होतं आणि तेवढ्याच घाणीनं ते लवकर बिघडतं. म्हणून पातळी उतरवायची असेल तर पाणी बदलायच्या खेपाही वाढवाव्या लागतात. तेवढं रोजचं लक्ष देणं जमणार नसेल, तर पाणी खोलच ठेवून वरच्या थरात बसायला जागा करून द्यावी, तेही चालतं. आम्ही दोन्ही केलं. प्लास्टिकचं टोकदार झाड काढून दगडाला बांधलेलं ॲन्युबियस ठेवलं. त्याची रुंद, जाड पानं पृष्ठभागाच्या दोन बोटं खाली येतील असं. बंडू पहिल्याच रात्री त्या पानावर जाऊन पडला. तिथून तोंड वर काढलं की हवा.

५० वॉटचा थर्मोस्टॅटवाला हीटर आडवा लावला, कारण पातळी उतरवल्यावर उभ्या हीटरची काच उघडी पडून तडकते. तापमान रोज एखाद्या अंशानं वाढवत २६ वर आणलं. पंपाच्या नळीला छोटा व्हॉल्व्ह लावून बुडबुडे कमी केले. वर काचेचं झाकण, म्हणजे तो जी हवा ओढतो तीही कोमट राहते.

थेंबे थेंबे

मग एक दिवसाआड अडीच लिटर पाणी बदलणं सुरू झालं. हे सगळं वहिनींनी केलं, आणि फार निगुतीनं केलं. आदल्या रात्री बादलीत पाणी भरायचं, क्लोरीन मारायला सोडियम थायोसल्फेट, म्हणजे दुकानात मिळतं ते अँटीक्लोरीन, घालायचं. सकाळी थोडं तापवलेलं पाणी मिसळून थर्मामीटरनं टाकीइतकं करायचं. हीटरचं बटण बंद करून नळीनं खड्यांवरचा गाळ ओढत अडीच लिटर काढायचं, आणि नवं पाणी बारीक धारेनं सोडायचं. मीठ पुन्हा घातलं नाही, आहे ते हळूहळू विरळ होऊ दिलं. निळं औषध बंद.

तिसऱ्या आठवड्यात अमोनिया शून्यावर आला. महिना संपताना पीएच ७.४, टीडीएस साडेतीनशेच्या आसपास. तोवर बंडू नळाच्या पाण्याला सरावला होता. पुढे आठवड्याला दोनदा बदल पुरला.

बदामाचं पान सुरुवातीला मी मुद्दाम घालू दिलं नाही. आपल्याकडे रस्त्यारस्त्यावर असतं ते देशी बदामाचं झाड, हिवाळ्यात लाल होऊन गळणारी त्याची पानं. फायटर पाळणारे ती आवर्जून वापरतात, थायलंडमध्येही वापरतात. त्यातल्या टॅनिननं पाणी चहाच्या रंगाचं होतं, बुरशीला थोडा आळा बसतो आणि मासा निवांत होतो. पण पान पीएच खाली ओढतं, आणि इथे तो आधीच तळाला होता. पाणी ताळ्यावर आल्यावर मग एक पान. फवारणी न होणाऱ्या अंगणातलं, गळून सुकलेलं, धुतलेलं.

भरवणं

डबी काउंटरवरून उचलली गेली हाच मोठा फरक. भरवायचं एकाच माणसानं, वहिनींनी. टाकीचा उजवा कोपरा ठरवला. आधी काचेवर त्या कोपऱ्यात बोटानं दोन टिचक्या, मग दाणा. दाणा टाकीच्याच पाण्यात थोडा भिजवून मऊ केलेला आणि लांब चिमट्यात धरून त्याच्या उजव्या डोळ्यासमोर नेलेला. चार-पाच दिवसांत टिचकी ऐकली की बंडू पानावरून उठून कोपऱ्यात यायला लागला. दिवसातून दोनदा, दोन-तीन दाणे. आठवड्यातून दोनदा गोठवलेला डॅफ्निया (पाण्यातला बारीक कवचधारी जीव) किंवा ब्लडवर्म (लाल अळ्या) वितळवून. न खाल्लेलं पाच मिनिटांत ड्रॉपरनं बाहेर.

उकडलेला वाटाणा भरवायचा सल्ला फायटरसाठी सर्रास दिला जातो. फायटर किडे खाणारा मासा आहे, त्याचं पोट वाटाण्यासाठी नाही. बद्धकोष्ठ असेल तर डॅफ्नियाचं कवच ते काम जास्त चांगलं करतं. आणि गटारालगतच्या गाळातून काढलेले जिवंत ट्युबिफेक्स, म्हणजे बारीक लाल जंत, म्हाताऱ्या माशाला देऊ नयेतच. ते काय घेऊन येतील सांगता येत नाही.

त्यानंतर

होळीपर्यंत बंडूचं पोट भरलं, निळा रंग बराचसा परतला, वहिनी खोलीत आल्या की पर फुलवायला लागला. दुधाळ डोळा तसाच राहिला, पाठीचा बाकही. ते परत येणारं नव्हतंच, आणि दादांना हे मी आधीच सांगून ठेवलं होतं. लांब पर कातरून ओझं कमी करायचं कुणी सुचवलं होतं. या वयात जखम भरायला वेळ लागतो, म्हणून ते केलं नाही.

एप्रिल-मेमध्ये उलटी अडचण आली. नाशिकचा पारा चाळिशीकडे गेला आणि पाणी ३१ वर. हीटर काढला, काचेच्या झाकणाऐवजी जाळी ठेवली, पृष्ठभागावरून छोटा पंखा फिरवला. बाष्पीभवनानं दोन-तीन अंश उतरतात. बर्फ टाकायचा नाही, तो पुन्हा तोच झोका. पावसाळ्यात नळाला गढूळ पाणी आणि क्लोरीनचा उग्र वास यायला लागला, तेव्हा अँटीक्लोरीनची मात्रा बाटलीवर सांगितलेल्या मर्यादेत वाढवली आणि पाणी भरल्यावर गाळ बसू दिला.

जुलैमध्ये उजव्या बाजूला पराच्या मागे गाठ दिसली. पशुवैद्यांना व्हिडिओ दाखवला, त्यांनी ट्यूमर असावा असं सांगितलं. या वयात, या आकाराच्या माशावर करण्यासारखं काही नव्हतं. तेव्हा आम्ही तीन गोष्टींवर नजर ठेवायची ठरवली: तो स्वतःहून हवेपर्यंत पोचतो का, टिचकीला येतो का, पानावर सरळ बसू शकतो का. तिन्ही सुटल्या तर पशुवैद्यांकडून लवंगतेलानं, म्हणजे त्यातल्या युजेनॉलनं, भूल देऊन शांतपणे सोडवायचं. फ्रीझरमध्ये ठेवणं किंवा संडासात सोडणं, दोन्ही जिवंत माशाला यातना देणारं आहे आणि दोन्ही लोक करतात, म्हणून हे आधी बोलून ठेवलं. पशुवैद्यांकडे जायची वेळ आली नाही. ऑगस्टमध्ये बंडू गेला, आदल्या दिवशी संध्याकाळी त्यानं एक दाणा खाल्ला होता.

गाठीची किंवा क्षयाची प्रयोगशाळेत तपासणी झाली नाही. त्यामुळे क्षय असेलच असं धरून पुढचं केलं. स्पंज, खडे आणि ॲन्युबियस टाकून दिले. क्षयाचे जिवाणू क्लोरीनला सहज दाद देत नाहीत, म्हणून टाकी नुसत्या ब्लीचवर न सोडता कोरडी करून स्पिरिटनं पुसली आणि उन्हात वाळवली. जाळी आणि नळी नव्या घेतल्या.

दादांनी दुकानात टाकीसाठी वेगळा एमसीबी टाकून घेतला आहे, कागदाच्या गठ्ठ्यांपासून दूरच्या भिंतीला. मेन बंद केला तरी पंप आणि हीटर चालू राहतात. नवी टाकी महिनाभर माशाशिवाय, थेंब थेंब अमोनिया घालून चालवली. अमोनिया आणि नायट्राइट दोन्ही शून्यावर राहायला लागल्यावर त्यात नवा फायटर आला. या वेळी हाफमून नाही, आखूड परांचा प्लाकट घेतला, म्हणजे चार वर्षांनी त्याला शेपटी ओढत वर यावं लागणार नाही. आणल्याची तारीख टाकीच्या मागच्या काचेवर मार्करनं लिहिली आहे, तिच्यापुढे "अधिक ६ महिने".